उट्रेख्तने बुजवलेला कालवा परत खणला, ते पण फॉरवर्ड करा ना

वाशीच्या सोसायटी ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय, की हॉलंडमधल्या उट्रेख्तने शेकडो वर्षं जुना कालवा बुजवून मोठा रस्ता केला म्हणून ते पुढे गेले, आणि आपण होल्डिंग पाँडचं (पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याचं) घाण पाणी सांभाळत बसलोय, तेव्हा भर टाका आणि रोड-पार्किंग करा.

बुजवला हे खरंय. जुन्या शहराभोवतीचा खंदक तो, काटारैनसिंगल. 1958 मधे फॉइश्टिंगर नावाच्या जर्मन ट्रॅफिक तज्ज्ञाने तसा प्लॅन दिला आणि 70 च्या दशकात पश्चिमेकडच्या तुकड्यावर गाड्या धावायला लागल्या. पण मेसेज इथेच संपतो! 2002 ला तिथे लोकांचं मतदान झालं, लोकांनी पाणी मागितलं, आणि सप्टेंबर 2020 मधे खंदक पुन्हा पूर्ण जोडला गेला, आता त्यातून बोटी फिरतात.

रस्त्यामुळे पुढे गेले म्हणे. अहो, तो रस्ता कधी पुराच झाला नाही, पूर्वेकडचा खंदक बुजवायला सरकारनेच परवानगी दिली नाही.

असलेला रस्ता काढून टाकला की ट्रॅफिक बोंबलतं, असंही म्हणतील. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने 2003 ते 2005 मधे चॉन्गेचॉन ओढ्यावरचा अख्खा फ्लायओव्हर पाडला, साधारण 5.8 किमी ओढा उघडा केला, जोडीला बस सुधारल्या, शहर काही ठप्प झालं नाही. तिथलं बरंचसं पाणी पंपाने आणलेलं आहे हेही सांगतो, पण रस्त्याचा मुद्दा त्याने बदलत नाही.

आता आपलं. होल्डिंग पाँड ही रिकामी पडलेली जागा नाहीये हो, नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भर टाकून केलाय, भरतीला खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद होतात, तेवढ्या वेळात धो धो पाऊस पडला तर ते पाणी थांबायला हे पाँड आहेत, ओहोटी लागली की निघून जातं, आणि ही पद्धत सिडकोने डच लोकांचीच बघून घेतली, म्हणजे ज्यांचं नाव सांगून पाँड बुजवायला निघालात त्यांचीच! पाँड गेला तर ते पाणी तळमजल्यात आणि पार्किंगमधेच येणार, दुसरं जाणार कुठे?

वास आणि मच्छर आहेत, मान्य. ते गाळामुळे, कित्येक वर्षांचा साठलाय, कांदळवनही वाढलंय त्यामुळे परवानग्या घेऊनच काढावा लागेल. मागणी करायची तर ती करा. वॉर्ड ऑफिसला द्यायचं पत्र मी लिहून देतो, प्रत्येक बिल्डिंगमधून सह्या गोळा करायला एकेक जण पाहिजे, कोण येतंय?