कुपवाडची भट्टी आणि चंद्रपूरचा धूर

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत पूर्वीसारखा काळा धूर आता दिसत नाही, आणि ज्या फाउंड्रीवाल्यांनी (लोखंडाचे ओतकाम करणाऱ्या कारखानदारांनी) कोकवरच्या, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या इंधनावरच्या, क्युपोला भट्ट्या मोडून विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या बसवल्या त्यांना त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण या बदलामुळे ‘आपल्या भागाचे कार्बन उत्सर्जन घटले’ असे जे सरसकट म्हटले जाते, तो हिशेब मला पटत नाही. काजळी कमी झाली हे फुप्फुसांसाठी मोठेच काम झाले. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो.

एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला क्युपोलात साधारण १२५ ते १५० किलो कोक जळतो आणि त्यातून ४०० ते ४५० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढ्याच बिडाला इंडक्शन भट्टी साधारण ६०० युनिट वीज घेते. आपल्या देशाच्या ग्रीडवर एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून थोडे जास्त उत्सर्जन होते, म्हणजे हा आकडाही ४२० किलोच्या पुढे जातो. भट्टी कुपवाडमध्ये राहिली आणि तिची चिमणी तेवढी चंद्रपूर, कोराडी, परळीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांत गेली. जिल्ह्याच्या नकाशापुरते पाहिले तर सुधारणा झाली, वातावरणाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच बदलले नाही.

मग नव्या भट्टीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो जिथे शोधला जातो तिथे नाही. इंडक्शन भट्टीत पिग आयर्न (खनिजापासून काढलेले कच्चे लोखंड) कमी करून पोलादाचा भंगार माल भरता येतो आणि कार्बनचे प्रमाण वरून कार्बुरायझर (कार्बन वाढवणारी भुकटी) टाकून साधता येते. पिग आयर्न धमनभट्टीतून येते आणि त्याच्या प्रत्येक टनामागे दीड टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. म्हणजे खरी बचत चार्जच्या, म्हणजे भट्टीत भरायच्या मालाच्या, मिश्रणात आहे, आणि ती करायची की नाही हे भंगाराचा भाव, त्याची प्रत आणि गिऱ्हाइकाने मागितलेला ग्रेड यांवर ठरते. जुन्याच मिश्रणाने नवी भट्टी चालवणाऱ्याच्या पदरात या बाबतीत फारसे काही पडत नाही.

दुसरा मुद्दा वाया जाणाऱ्या विजेचा. ही गळती शॉपफ्लोअरवर उभे राहिले की लगेच दिसते. धातू वितळून तयार आहे, तापमान आले आहे, पण मोल्डिंगची (वाळूचे साचे करण्याची) लाइन मागे पडली आहे. वाळूत ओल जास्त झाली किंवा कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) वेळेवर आले नाहीत. तोवर भट्टी पॉवर कमी करून तशीच धरून ठेवतात, मीटर फिरत राहतो आणि धातूचे नुकसानही होते. त्यानंतर ओतलेल्या मालातला काही भाग ब्लोहोलमुळे (वायूने पडलेल्या पोकळ्यांमुळे) रिजेक्ट झाला की तो पुन्हा भट्टीत जातो, म्हणजे त्याच बिडासाठी वीज दोनदा जळते. यासाठी आयात यंत्राची गरज नाही, नियोजनाची आणि वाळूच्या नियमित चाचणीची आहे. आपल्याकडे तंत्रज्ञान म्हटले की यंत्रखरेदीच डोळ्यांसमोर येते, याचे मला नेहमी नवल वाटते.

कारखाने एका जागेहून दुसरीकडे हलवण्याच्या औद्योगिक पुनर्रचनेचेही त्या चिमणीसारखेच आहे. बीजिंगने २००८च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने शौगांगचा अवाढव्य पोलाद कारखाना शहरातून हलवून हेबेई प्रांतातल्या किनाऱ्यावरच्या चाओफेदियानला नेला. राजधानीची हवा सुधारली, पण पोलाद कुठेतरी तयार होतच राहिले. पुण्यातले कारखाने खंबाटकीच्या अलीकडे शिरवळ-खंडाळ्यात आले, तेव्हा पुण्याच्या उत्सर्जनाचा काही भाग सातारा जिल्ह्याच्या खात्यात आला. रोजगार आले त्याचा आनंदच आहे. मात्र प्रदेशाची सीमा कुठे आखली यावर हे आकडे किती अवलंबून असतात, हे लक्षात घ्यायला हवे. त्याच सातारा जिल्ह्यात १९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचे धरण आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेत. त्यांची स्वच्छ वीज राज्याच्या ग्रीडमध्ये मिसळते, म्हणून सातारकराच्या मीटरमधली वीज वेगळी ठरत नाही.

साखर कारखान्यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जुने कमी दाबाचे बॉयलर जाऊन उच्च दाबाचे आले, त्याच बगॅसमधून (उसाच्या चिपाडातून) कितीतरी जास्त वीज मिळू लागली आणि इथेनॉलने कारखान्यांना साखरेच्या भावाच्या कचाट्यातून काहीसे सोडवले; ही खरीखुरी प्रगती आहे. पण इथेनॉलची मागणी वाढली की उसाखालचे क्षेत्र राखण्याचा मोह वाढतो, आणि आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाणी ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. त्या पंपांची वीज आणि उसाला घातलेल्या युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड, जो वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो, हे दोन्ही इथेनॉलच्या खात्यात धरल्याशिवाय त्याला हिरवे इंधन म्हणण्याची घाई करू नये. कोळसा जपून वापरणारी यंत्रे आली की कोळशाचा एकूण खप वाढतो, हे अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने १८६५ साली इंग्लंडबद्दल लिहिले होते. आमच्या उसाला ते लागू पडेल अशी भीती मला वाटते.

या सगळ्यात मला सर्वांत आशादायक वाटतो तो विजेच्या दराचा मुद्दा. वर्षानुवर्षे रात्री दहानंतर उद्योगांना सवलत होती, म्हणून कित्येक फाउंड्र्यांत हीट (धातू वितळवण्याची एक फेरी) रात्रपाळीत काढली जायची. नेमकी तेव्हाच सौर वीज शून्य असते. केंद्राच्या २०२३च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर किमान २० टक्के कमी ठेवण्याची दिशा दिली. भट्टीला हात न लावता नुसती पाळी बदलून, जसजशी सौर वीज वाढेल तसतसे टनामागचे उत्सर्जन उतरत जाऊ शकते.

युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून लोखंड-पोलादासह काही आयात मालावर कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली आहे, आणि ही विचारणा पुरवठादारांच्या साखळीतून लहान फाउंड्रीपर्यंत उतरणारच. अशा वेळी संपूर्ण कारखान्याला एकच मीटर असेल तर भट्टीने किती वीज घेतली, कॉम्प्रेसरने किती आणि वाळूच्या प्लांटने किती, हे मालकालाही सांगता येणार नाही. नव्या भट्टीच्या अनुदानासाठी धावपळ करण्याआधी प्रत्येक विभागाला स्वतंत्र मीटर बसवावा आणि रोजच्या हीटच्या नोंदवहीत चांगल्या मालाच्या टनामागे लागलेले युनिट लिहावेत, असे माझे कुपवाड आणि मिरजेच्या उद्योजक मित्रांना सांगणे आहे.