आरा पाचिस ही नक्कल नाही

रोमला जाणाऱ्यांना एक सल्ला वारंवार दिला जातो. टायबर नदीकाठची ‘आरा पाचिस’, म्हणजे सम्राट ऑगस्टसची शांतिवेदी, पाहण्यात वेळ आणि पैसा घालवू नका. ती मुसोलिनीने १९३८ मध्ये उभी केलेली नक्कल आहे, मूळ जागेवरही नाही, आणि जे काही आहे ते रस्त्यावरून काचेतून फुकट दिसते. या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो चटकन पटतो. पण त्यापायी लोक एका अस्सल वास्तूकडे पाठ फिरवतात, हे मला मनापासून खटकते.

पहिला आक्षेप नक्कल असल्याचा. ऑगस्टस हिस्पानिया आणि गॉलहून (साधारण आजचे स्पेन आणि फ्रान्स) परतल्यावर इ.स.पू. १३ मध्ये सिनेटने ही वेदी उभारण्याचा ठराव केला आणि ३० जानेवारी, इ.स.पू. ९ रोजी तिचे समर्पण झाले. ऑगस्टसने स्वतःच्या कार्यवृत्तांतात तिचा उल्लेख केला आहे. पुढे जमिनीची पातळी चढत गेली, वेदी गाडली गेली आणि तिच्यावर शहर वसले. सोळाव्या शतकात तिथल्या एका प्रासादाखाली कोरीव ठोकळे सापडले, तेव्हा वाहून नेणे सोपे जावे म्हणून ते चिरण्यात आले आणि निरनिराळ्या संग्रहांत पांगले. हे तुकडे आरा पाचिसचे आहेत हे जर्मन अभ्यासक फ्रीडरिश फॉन डून यांनी १८७९ मध्ये ओळखले, म्हणजे मुसोलिनीच्या जन्माच्या चार वर्षे आधी. १९०३ मध्ये सुरू झालेले उत्खनन भूजलामुळे आणि वरच्या इमारतीला धोका निर्माण झाल्यामुळे थांबवावे लागले. १९३७ मध्ये ज्युसेप्पे मोरेत्ती यांच्या देखरेखीखाली काम पुन्हा हाती घेतले गेले, तेव्हा इमारतीचा भार काँक्रीटच्या आधारावर तोलून धरला, वेदीभोवतीच्या ओल्या जमिनीत नळ्या घालून ती माती गोठवली आणि त्या गोठलेल्या कड्याच्या आत खोदकाम केले. नक्कलच उभी करायची असती, तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते.

जे मूळचे नाही, तेही तिथे लपवलेले नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला शिल्पखंड परत आला नाही, त्याच्या जागी साच्यातून घेतलेली प्रतिकृती आहे. लांडगीच्या गुहेच्या (दंतकथेनुसार तिने रोम्युलस-रेमसला दूध पाजले ती जागा) आणि रोम नगरीचे रूप असलेल्या रोमा देवतेच्या शिल्पपट्टांचे थोडेच तुकडे हाती लागले, म्हणून उरलेल्या जागेत गिलाव्यावर केवळ बाह्यरेषा ओढल्या आहेत. जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे तिथे साध्या डोळ्यांनी कळते.

मुसोलिनीचा संबंध मात्र खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. ऑगस्टसच्या द्विसहस्राब्दीच्या सोहळ्याची सांगता म्हणून, त्याच्याच जन्मदिवशी, २३ सप्टेंबर १९३८ रोजी पुनर्रचित वेदी खुली झाली, आणि स्वतःला ऑगस्टसचा वारस म्हणून मिरवण्यासाठी फॅसिस्ट राजवटीने तिचा वापर केला. पण हा दोष तिचा वापर करणाऱ्यांचा आहे, संगमरवराचा नव्हे. शिवाय वेदीवर उभारलेला त्या काळचा मंडप आज उरलेला नाही. वास्तुविशारद रिचर्ड मायर यांची काचेची इमारत २००६ मध्ये खुली झाली आणि जुन्या मंडपापैकी ऑगस्टसचा वृत्तांत कोरलेली भिंत तेवढी राखली गेली.

जागा बदलली, हेही खरेच. मूळ जागा इथून पायी काही मिनिटांवर, जुन्या फ्लामिनिया मार्गालगत होती. स्थलांतर करताना वेदी पाव फेरा फिरवली गेली, त्यामुळे पूर्व-पश्चिम दारे आता साधारण उत्तर-दक्षिण झाली आहेत, आणि पुस्तकांतील ‘दक्षिण बाजू’ होकायंत्राने शोधू गेल्यास सापडत नाही. ही हानी भरून येणारी नाही, असे मी मानतो. परंतु तिला जागेवरच ठेवायचे, तर ती भूजलात इमारतीखाली राहिली असती आणि कोणाच्याच दृष्टीस पडली नसती.

उरला काचेचा मुद्दा. रस्त्यावरून वेदीचा आकार दिसतो, शिल्पकाम दिसत नाही. वेदीभोवतीच्या भिंतींच्या खालच्या अर्ध्या भागातील वेलींच्या वळणांत बेडूक आणि सरडे दडले आहेत, आणि एके ठिकाणी साप पिलांच्या घरट्याकडे सरकतो आहे. हे हातभर अंतरावर उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. याच भिंतींच्या आतल्या बाजूचा खालचा भाग लाकडी फळ्यांसारखा कोरला आहे, त्यावर बैलांच्या कवट्यांना फळाफुलांच्या माळा टांगल्या आहेत, आणि त्या बाहेरून नीट दिसणेच शक्य नाही. मिरवणुकीच्या पट्टात मस्तकावरून वस्त्र घेतलेला उंच पुरुष ऑगस्टसचा जावई आग्रिप्पा मानला जातो. एक लहान मुलगा त्याचा टोगा, म्हणजे अंगावरचे रोमन वस्त्र, ओढतो आहे आणि मागच्या स्त्रीने त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आहे. आग्रिप्पा इ.स.पू. १२ मध्ये वारला. समर्पणाच्या दिवशी ही वेदी पाहणाऱ्यांना तो दगडात तेवढा भेटला.