चीनमधली एक आई आणि निकालाची नक्कल

परवा लग्नाच्या पंगतीत पुन्हा तेच ऐकलं. "आपल्याकडे कायदा चीनसारखा पाहिजे. पकडला की महिन्याभरात गोळी. मग बघा कशी सुतासारखी सरळ होतात माणसं." शेजारचे दोघे-तिघे माना डोलावत होते. लग्नघरात वाद नको म्हणून मी गप्प बसलो, पण पुढचा घास उतरला नाही. म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

चीनच्या हेबेई प्रांतातलं शिज्याच्वांग शहर. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे मक्याच्या शेतात एका बाईचा मृतदेह सापडला. बलात्कार करून खून. सप्टेंबरमध्ये पोलिसांनी न्ये शूबिन या कारखान्यात काम करणाऱ्या पोराला उचललं. वय वीसच्या आसपास, बोलताना अडखळणारा. मार्चमध्ये मृत्युदंड झाला. २५ एप्रिल १९९५ ला प्रांताच्या उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २७ एप्रिलला त्याला गोळी घातली. मध्ये फक्त एक दिवस. घरी कुणी कळवलंसुद्धा नाही. वडील नेहमीसारखे मुलाला लागणारं सामान घेऊन कोठडीच्या दारात गेले, तेव्हा त्यांना सांगितलं की मुलाला कालच संपवलं.

आपण ज्याला झटपट न्याय म्हणतो, तो हा.

२००५ मध्ये वांग शूजिन नावाचा माणूस दुसऱ्याच प्रांतात पकडला गेला. त्याने बलात्कार आणि खुनाचे जे गुन्हे कबूल केले, त्यात तो मक्याच्या शेतातला खूनही होता. न्ये शूबिनच्या आईने, चांग ह्वानजींनी, पुन्हा सुनावणी व्हावी म्हणून अर्ज केला. कोर्ट म्हणालं, निकालाची प्रत जोडा. प्रत त्यांच्याकडे नव्हती, कारण ज्या निकालाने मुलाचा जीव घेतला तो त्यांना कधी दिलाच नव्हता. आणि मागितला तरी कोर्ट देईना. शेवटी २००७ मध्ये ती प्रत मिळाली ती त्या मेलेल्या बाईच्या घरच्यांकडून. त्यांनाही खरा गुन्हेगार कोण हे हवं होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमचा जमिनीचा दावा आठवला. निकालाच्या नकलेसाठी मी तालुक्याच्या कोर्टात चार खेटे घातले होते. अर्ज, तिकीट, "साहेब रजेवर आहेत", पुन्हा या. खूप चिडलो होतो. पण नक्कल मिळाली, शिक्क्यासकट, आणि ती घेऊन आम्ही अपिलात गेलो. आपल्याकडच्या तारखांवर तारखांची मला लाज वाटते, त्यांचं समर्थन मी कधीच करणार नाही. तरीही तो कागद मागण्याचा हक्क माझा आहे हे कारकुनालाही माहीत होतं आणि मलाही.

पुढचं आणखी विचित्र आहे. २०१३ मध्ये हेबेईच्या उच्च न्यायालयात वांग शूजिन सांगत होता की तो खून मी केला, आणि सरकारी पक्ष सांगत होता की नाही, तू केला नाहीस! आरोपी गुन्हा अंगावर घेतोय आणि सरकार तो झटकतंय, कारण त्या गुन्ह्यासाठी एक मुलगा आधीच मारून झाला होता.

२ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने न्ये शूबिनला निर्दोष ठरवलं. पकडल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांच्या जबाबांचे कागदच फायलीत नव्हते. एकवीस वर्षं गेली होती.

ही घाई आली कुठून? १९८३ मध्ये गुन्हेगारीविरुद्ध मोठी मोहीम निघाली. खून-बलात्कारासारख्या खटल्यांत मृत्युदंडावर शेवटचं शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडून प्रांतांच्या न्यायालयांकडे गेला, आणि अशा गंभीर खटल्यांत अपिलाची मुदत दहा दिवसांवरून तीन दिवसांवर आणली. म्हणजे अपील ऐकणारे तेच आणि शेवटची सही करणारेही तेच. १ जानेवारी २००७ पासून चीनने स्वतःच तो अधिकार परत सर्वोच्च न्यायालयाकडे नेला. मृत्युदंडाचे गुन्हे २०११ मध्ये ६८ वरून ५५ वर आणि २०१५ मध्ये ४६ वर आणले. या सुधारणा खऱ्या आहेत, त्यांनी जीव वाचले असणार, आणि मी त्यांना मनापासून मानतो. आपण ज्या वेगाचं कौतुक करतो, त्याला लगाम घालायला तिथल्याच न्यायाधीशांना आणि प्राध्यापकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

पण गाडी एका जागी येऊन अडते. निर्दोष सुटण्याचं प्रमाण तिथे हजारात एकसुद्धा नाही. पोलीस, सरकारी वकील आणि न्यायालय या तिघांच्या डोक्यावर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाची एकच समिती असते. न्येच्या निकालानंतर दीड महिन्यातच, जानेवारी २०१७ मध्ये, सरन्यायाधीश चौ च्यांग यांनी न्यायाधीशांना बजावलं की न्यायालयीन स्वातंत्र्य हा पाश्चात्त्यांचा चुकीचा विचार आहे, त्याला ठाम विरोध करा. कायद्याने राज्य चालवणं वेगळं आणि कायद्याचं राज्य असणं वेगळं. दुसऱ्यात राज्य चालवणाऱ्यालाही कुणीतरी "नाही" म्हणू शकतं.

"नाही" म्हणायला मदत करतात ते वकील. ९ जुलै २०१५ पासून तिथे सुमारे तीनशे वकील आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उचललं किंवा चौकशीला बोलावलं. वांग छ्वानचांग हे त्यातले एक. तीन वर्षांहून जास्त काळ बायकोला त्यांची भेट नाही. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांची पत्नी ली वनत्सू आणि आणखी तिघींनी बीजिंगमध्ये आपली डोकी भादरून घेतली. चिनी भाषेत केस आणि कायदा या दोन्ही शब्दांचा उच्चार "फा" असा जवळजवळ सारखा होतो. त्या बायकांचं म्हणणं होतं की आम्ही केसांवाचून राहू, पण तुम्हाला कायद्यावाचून राहता येणार नाही. पुढच्याच महिन्यात वांग छ्वानचांगना साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

मुंडण केलेल्या त्या चौघींचा फोटो मी पुन्हा पुन्हा बघतो. हातात कापलेले केस आहेत. आपल्याकडे बाईने डोकं भादरून घेणं म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारायला नको.

पंगतीत बोलले ते माझ्या नात्यातलेच काका आहेत, त्यांना इथे टॅग करतोय. काका, राग मानू नका. तुमचा संतापही खरा आहे, मुली-बाळींच्या काळजीतूनच तुम्ही ते बोललात. रविवारी येतो घरी. न्ये शूबिनच्या आईबद्दल तुमच्याशी समोर बसून बोलायचं आहे.