मोफत पुस्तकं द्या, पण पानांचे फोटो नकोत

मराठीत मोफत ई-पुस्तकं नाहीत असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. ई साहित्य प्रतिष्ठान कित्येक वर्षं पुस्तकं मोफत देतंय. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे जाडजूड ग्रंथ आहेत, मराठी विकिस्रोत हे स्वयंसेवकांनी चालवलेलं मोफत ऑनलाइन ग्रंथालय आहे, इंटरनेट आर्काइव्हवर जुनी पुस्तकं ढिगानं आहेत. माझी तक्रार वेगळीच आहे. नेटवर फिरणारी आपली बरीचशी जुनी पुस्तकं म्हणजे नुसते पानांचे फोटो आहेत. डोळे धड असतील त्यानंच ती वाचावीत.

आई कोकणात असते. पावसाळ्यात तिकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून मी तिच्या टॅबवर पुस्तकं आधीच उतरवून ठेवते. स्कॅन केलेली पीडीएफ उघडली की अक्षर बारीक. बोटांनी मोठं केलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर. मग ती वाचायला पान डावीकडे ओढायचं, पुढच्या ओळीसाठी परत उजवीकडे, आणि तेवढ्यात ते खालीवर निसटतं. "अगं, ओळच हरवते," म्हणून ती टॅब ठेवून देते. तेच पुस्तक इपबमध्ये, म्हणजे फोटोऐवजी खरा मजकूर असलेल्या ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, असलं तर अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप पडद्यात बसतात. आई रात्री दोन-दोन तास वाचते मग. शिवाय स्कॅनची फाइल कधी कधी शंभर एमबीच्या वर जाते, इपब बहुतेक वेळा एक-दोन एमबीत आटोपतं. गावाकडच्या नेटवर हा फरक फार मोठा आहे.

कायद्याची अडचण म्हणाल, तर लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य 1 जानेवारी 2011 पासून सगळ्यांचं झालं. अडलंय ते टंकनावर आणि तपासणीवर. विकिस्रोतवर स्वयंसेवक हेच करतात: एका बाजूला छापील पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर, काना-मात्रा-वेलांटी जुळवत जायचं. एकानं तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्यानं पुन्हा पाहिलं की हिरवं. नावं कुणाला ठाऊक नसतात, पण मराठीवर या माणसांचे खरोखर उपकार आहेत.

नव्या पुस्तकांना तर ही सबबही नाही. ती संगणकावरच तयार होतात. सरकारी पैशातून निघणारं प्रत्येक पुस्तक युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत), इपब स्वरूपातही मिळायलाच हवं. आपण वाचकांनी ते मागायला हवं, प्रकाशकांकडेही.

आईवडिलांना पुस्तकं उतरवून देणार असाल तर एक करा. टॅब एअरप्लेन मोडवर टाकून प्रत्येक पुस्तक एकदा उघडून बघा. यादीत नाव दिसतं, पण फाइल उतरलेलीच नसते, असं पुष्कळदा होतं.

आणि विकिस्रोतवर एखादं पान तपासायला घ्यायचं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. सुरुवात कशी करायची ते मी दाखवते.