पहिला स्कॅन होतो कधी?
डोळ्याच्या पहिल्याच स्कॅनवरून केराटोकोनस (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन पुढे फुगण्याचा आजार) वाढणार की नाही हे एआय सांगेल, असं एका लेखात वाचलं. सांगू दे की! पण तो पहिला स्कॅन होतो कधी? नाशिकरोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं येतं, सिलिंडर नंबर (कॉर्नियाच्या असमान गोलाईचा) परत वाढलेला, अ‍ॅक्सिस (त्या नंबरचा कोन) फिरलेला, नवी काच लावूनही खालच्या ओळीतली अक्षरं दुहेरी. आणि बसल्या बसल्या मुठीनं डोळे चोळणं चालूच. अशाला मी चष्मा विकत नाही, आधी टोपोग्राफी (कॉर्नियाचा नकाशा काढणारा स्कॅन) करा म्हणतो. वडील म्हणतात, "भाऊ, द्राक्षं निघू द्या, मग बघू." घोडं अडतं ते इथे. क्रॉसलिंकिंग या उपचाराने (रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण देऊन कॉर्निया घट्ट करणं) बहुतेकांचा आजार थांबतो, पण पातळ झालेला कॉर्निया पूर्ववत होत नाही. तो साधारण ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) जाडीच्या खाली गेला तर नेहमीच्या पद्धतीने तेही करता येत नाही.

सध्या डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढून तुलना करतात. निफाड-दिंडोरीकडचे बरेच जण त्या दुसऱ्या खेपेला फिरकतच नाहीत, म्हणून पहिल्याच स्कॅनवर सांगणारं हे एआयचं तंत्र खरं उपयोगी पडेल ते आमच्याकडे. आणि हो, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी लेन्स काढून ठेवा, नाहीतर कॉर्नियाचा नकाशाच चुकीचा येतो.