मुखपृष्ठकारांवर राग काढण्याआधी

'फायटिंग फँटसी' या खेळत वाचायच्या इंग्रजी पुस्तकमालिकेच्या चाहत्यांमध्ये एक जोडचित्र वरचेवर फिरत असतं. डावीकडे मूळ प्रकाशक पफिनचं ऐंशीच्या दशकातलं मुखपृष्ठ, उजवीकडे विझार्ड किंवा स्कोलास्टिक या पुढच्या प्रकाशकांच्या नव्या आवृत्तीचं. खाली मजकूर साधारण असा: 'तेव्हा चित्रकार होते, आता कॉम्प्युटर आहे. मूळ कव्हरांना कोणी हात लावला नव्हता. आता पुस्तक उघडूनही न पाहिलेल्या माणसांनी ती बदलली आणि मालिकेचा जीवच काढून घेतला.' आजकाल त्यात 'ही तर एआयची कामं' अशीही भर पडलीय. चार वाक्यांत इतक्या चुका आहेत की एकेक घेऊनच बोलावं लागेल.

ज्यांनी ही पुस्तकं हाताळली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे मालिकेतलं पहिलं पुस्तक 1982 साली पफिनने काढलं. 400 क्रमांकित परिच्छेद, दोन फासे, एक पेन्सिल. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे वाचक ठरवतो आणि सांगितलेल्या क्रमांकावर जातो. पफिनने अशी 59 पुस्तकं काढली आणि 1995 मध्ये थांबवलं. 2002 पासून विझार्ड बुक्सने ती पुन्हा आणली, 2017 पासून स्कोलास्टिकने.

'मूळ कव्हरांना कोणी हात लावला नव्हता' हा दावा तर मालिकेच्या दुसऱ्याच पुस्तकापाशी कोसळतो. 'द सिटाडेल ऑफ केऑस'चं 1983 चं पहिलं मुखपृष्ठ इमॅन्युएल या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराचं होतं. पुढे खुद्द पफिननेच ते काढून इयन मिलरचं चित्र लावलं. आज अनेक जण 'ओरिजिनल' म्हणून जे मिरवतात ते हे दुसरं. उलट विझार्डच्या आवृत्तीत काही जुनी चित्रं तशीच ठेवली होती. म्हणजे जुन्यांनी जपलं आणि नव्यांनी मोडलं, अशी सरळ विभागणी इथे नाहीच.

'पुस्तक उघडूनही न पाहिलेली माणसं' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्यात चित्रकार मार्टिन मॅकेनावर सरळ अन्याय होतो. मॅकेनाचा जन्म 1969 चा. 'वॉरलॉक' आलं तेव्हा तो शाळकरी वयाचा होता आणि 1988 मध्ये, विशीही गाठलेली नसताना, 'डॅगर्स ऑफ डार्कनेस'च्या आतली चित्रं त्याच्या हातची होती. पफिनच्या काळातली या मालिकेची आणखीही पुस्तकं त्याने सजवली. विझार्डने मालिका उभी केली तेव्हा 'वॉरलॉक'चं नवं मुखपृष्ठ त्यानेच केलं. 2005 चं 'आय ऑफ द ड्रॅगन' आणि 2006 चं 'ब्लडबोन्स' यांचीही. हा बाहेरून आणलेला माणूस नव्हता, घरातच वाढलेला होता. 2020 मध्ये तो गेला. त्याच्या चित्राखाली 'पुस्तक न उघडलेला' असं लिहून पुढे पाठवताना निदान श्रेयनामावलीचं पान तरी बघायला हवं होतं.

कॉम्प्युटरचा मुद्दाही मॅकेनापाशीच सुटतो. टाक आणि शाई घेऊन सुरुवात केलेला हा माणूस पुढे डिजिटल रंगकामाकडे वळला आणि 2004 मध्ये त्यावर शिकवणारं पुस्तकही लिहिलं. प्रकाश कुठून पडतो, खवले कसे वळतात, नजर आधी कुठे जावी, हे चित्रकाराला ठरवावंच लागतं, मग हातात कुंचला असो की स्टायलस. एआयचं म्हणाल तर स्कोलास्टिकची ही मुखपृष्ठं 2017 पासूनची आहेत. शब्द टाकून चित्र काढून देणारी साधनं लोकांच्या हाती आली 2022 च्या सुमारास. तारखा बघितल्या तरी पुरे.

ती मुखपृष्ठं रॉबर्ट बॉलची. कॉमिक्समधला माणूस, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या मृत्यूंवर एचबीओसाठी केलेली त्याची पोस्टरमालिका बरीच गाजली. सपाट रंग, ठसठशीत आकार, गर्द सावल्या ही त्याची भाषा. ती आवडावी असा माझा आग्रह नाही, पण तिला कामचुकारपणा म्हणणं चूक आहे. पोस्टरच्या परंपरेत मोजक्या रंगांत राक्षस उभा करणं हे अवघड काम मानतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढं दिसणारं कव्हर दहा वर्षांच्या मुलाला ओढून घेतं ते अशाच आकारांच्या जोरावर.

आता जुन्या चित्रांचं मोठेपण. ते मी मनापासून मानतो. चित्रकार इयन मॅकेगचं 1984 चं 'डेथट्रॅप डंजन' घ्या. मुखपृष्ठावर ब्लडबीस्ट हा पुस्तकातला राक्षस आहे, काटेरी, बेढब, तोंडभर डोळेच डोळे. आधी ते फक्त किळसवाणं वाटतं. खेळता खेळता, योग्य ठिकाणी योग्य माहिती सापडली तर, कळतं की त्याचं मर्म डोळ्यांत आहे आणि चेहऱ्यावरच्या फोडांचे बनलेले बाकीचे डोळे खोटे, फसवायला आहेत. म्हणजे खेळाचं कोडं मॅकेगने कव्हरवरच मांडून ठेवलंय, आणि ते ओळखू येतं उत्तर हाती आल्यावर. पुढे याच मॅकेगने 'स्टार वॉर्स'साठी डार्थ मॉल या खलनायकाचा चेहरा घडवला, त्याचं मला नवल वाटत नाही.

पण असं एक कव्हर ग्रेट आहे म्हणून दुसऱ्या चित्रकाराने तिथे कुंचला लावूच नये, हे कुठून आलं?

राहिला 'जीव काढून घेतला'चा मुद्दा. यात तथ्य आहे, फक्त बोट चुकीच्या माणसाकडे आहे. स्कोलास्टिकच्या 'वॉरलॉक'मध्ये कव्हरबरोबर आतली चित्रंही बदलली. रस निकल्सनची शाईची रेखाटनं गेली, व्लादो क्रिझानची आली. निकल्सनच्या चित्रात गुहेच्या दगडावरची भेग अन् भेग, चेहऱ्यावरची सुरकुती अन् सुरकुती बारीक रेषांनी विणलेली असायची. पुढच्या परिच्छेदाचा क्रमांक ठाऊक असूनही पान उलटायला हात धजत नसे. त्या जागी त्या जातीचं काही आलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ही खरी हानी. मात्र ती ना बॉलच्या कव्हरने केली, ना क्रिझानने. दिलेलं काम त्याने केलं. आत काय छापायचं हे प्रकाशक ठरवतो.

आणि दोन्ही जमतं, याचा दाखला याच मालिकेच्या भावंडात आहे. जॅक्सनच्या चार भागांच्या 'सॉर्सरी!'ची कव्हरं आणि आतली चित्रं मूळची जॉन ब्लांशची. विझार्डने 2003 मध्ये ती पुन्हा काढली तेव्हा कव्हर दिलं मेल ग्रांटला आणि आत ब्लांशची तीच विचित्र, काटेरी, तापात पडलेल्या स्वप्नांसारखी चित्रं ठेवली. नव्या मुलाला नवं दार मिळालं, जुन्या वाचकाला आतलं घर तसंच.

म्हणून ते जोडचित्र पुढे पाठवण्याऐवजी प्रकाशकाला पत्र लिहा, आणि त्यात एवढंच मागा: कव्हर बॉलचं राहू द्या, निकल्सनची चित्रं आत परत छापा.