अनुदान मंजूर, पैसे प्रलंबित

ठिबक सिंचनाला अल्पभूधारकाला ८० टक्के अनुदान, बाकीच्यांना ७५. ऐकायला किती गोड! पण भाऊ, ते पैसे नंतर. आधी पूर्वसंमती, मग अख्खं बिल आपल्या खिशातून, मग जिओटॅग म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो, मग बसा वाट पाहत. एवढी रोकड घरात असती तर अनुदान कशाला मागितलं असतं राजेहो?

काटोलकडे आमची संत्र्याची बाग. आंबिया बहाराच्या फुलांसाठी झाडाचं पाणी बंद ठेवून ताण देतात, तो जानेवारीत तोडायचा, तेव्हा पाणी पाहिजे म्हणजे पाहिजेच. झाडाला ‘तपासणी प्रलंबित’ वाचता येत नाही. म्हणून ठिबक उधारीवर बसवलं. दुकानदाराचं व्याज मात्र एकही दिवस प्रलंबित राहत नाही.

परवा नागपूरला चौथी चक्कर. यावेळी काय, तर सातबाऱ्यावर बाबांच्या नावापुढे ‘राव’ आहे, आधारवर नाही. अरे, मागच्या तीन खेपांना हाच सातबारा पाहिला ना तुम्ही! तेव्हा ‘राव’ दिसला नाही? तलाठी म्हणतो तहसीलला जा, तहसीलवाले म्हणतात सेतूत जा. सेतूत सर्व्हर डाऊन.

एसटीचं भाडं अन् दर खेपेचे तर्री-पोहे, निदान त्याला तरी ८० टक्के द्या. (पोहे झकास होते, खोटं कशाला बोलू.) सोमवारी पाचवी चक्कर.